कामाची हमी आणि विधिमंडळ



राज्याच्या खजिन्यातील पैसा कोणत्या कामावर आधी खर्च व्हावा, हा प्रश्न दरसाल फाल्गुन-चैत्राच्या सुमारास विधिमंडळापुढे येतो आणि दरसाल तो नव्याने सोडवावा लागतो. अर्थमंत्री अंदाजपत्रक मांडतात, खात्याखात्यांच्या मागण्या सभागृहापुढे येतात, विरोधी बाकांवरून कपातसूचना दिल्या जातात, आणि ठरलेला दिवस संपला की उरलेल्या मागण्या चर्चेवाचून एकदम मंजूर होतात. पाटबंधारे, रस्ते, वीज, शाळा, दवाखाने ही सारी कामे एकाच दारात रांग लावून उभी असतात. ज्याचा कैवारी मोठ्या आवाजाचा, तो रांगेत पुढे सरकतो. ज्याला कैवारी नाही, त्याने पुढील मार्चची वाट पाहावी, अशी रीत आहे. ही रीत वाईटच आहे असे मी म्हणत नाही, कारण लोकशाहीत भांडून मिळवणे हेही एक न्यायाचे साधन आहे. परंतु ज्या मनुष्याच्या घरात आज संध्याकाळी शिजवायला दाणा नाही, त्याला पुढील मार्चपर्यंत थांबण्यास सांगणे शक्य नसते.

या रांगेतून एक योजना महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एकदा बाहेर काढली आणि कायद्याच्या जोरावर तिला सर्वांच्या पुढे नेऊन उभे केले. ती योजना म्हणजे रोजगार हमी. तिच्या जन्माची व पुढील संगोपनाची हकीकत आज आपणांस सांगावी, असा माझा हेतू आहे. मी अर्थशास्त्री नाही, एस. एस. सी. होऊन खेड्यात मुले शिकविलेला एक शिक्षक आहे. मात्र हा कायदा ज्या वर्षी अमलात आला, त्याच १९७९ साली मी नोकरीस लागलो, आणि नोकरीची बहुतेक वर्षे माण तालुक्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात काढली. त्यामुळे या कायद्याशी माझा परिचय केवळ पुस्तकी नाही.

प्रथम थोडे मागे जाणे इष्ट होईल. दुष्काळात लोकांना काम देऊन जगवावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. १८७६-७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारने कामे काढली होती. पण सर रिचर्ड टेंपल यांच्या सांगण्यावरून मजुरी एक रत्तल धान्याच्या हिशेबापर्यंत खाली आणली गेली, तेव्हा दिवसभर दगडमाती वाहून एवढ्यावर जगता येत नाही, असे म्हणून हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. त्या दुष्काळानंतर १८८० च्या आयोगाच्या शिफारशींवरून इलाख्याइलाख्यांतून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला, त्या वेळी लोकमान्य टिळकांनी व सभेच्या कार्यकर्त्यांनी या संहितेतील कलमे मराठीत आणून खेड्यापाड्यांतून वाटली. सरकारनेच छापलेले नियम लोकांना वाचून दाखविणे, हा सरकारला मोठा अपराध वाटला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नियम अस्तित्वात असणे आणि तो ज्याच्यासाठी आहे त्याला माहीत असणे, या दोहोंतील अंतर फार जुने आहे.

तथापि त्या संहितेत एक मूलभूत उणीव होती. भूक लागली म्हणून काम मिळत नसे; सरकारने दुष्काळ जाहीर केला म्हणून मिळत असे. आणेवारी लागायची, कागद वर जायचे, हुकूम खाली यायचा. ज्या गावात पाऊस चांगला झाला, पण एखाद्या भूमिहीन कुटुंबाला माघ-फाल्गुनानंतर चार महिने हाताला काम नाही, त्या कुटुंबाचा दुष्काळ कोणत्याच संहितेत बसत नव्हता. स्वातंत्र्य आले, राज्यघटना झाली. तिच्या ४१ व्या अनुच्छेदात, राज्याने आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत नागरिकांचा काम मिळण्याचा हक्क सुरक्षित करावा, असे मार्गदर्शक तत्त्व लिहिले गेले. पण मार्गदर्शक तत्त्वाच्या आधारे कोणालाही न्यायालयात जाता येत नाही. पंचवार्षिक योजनांतून धरणे झाली, कारखाने झाले; भूमिहीनाचा फाल्गुन मात्र होता तसाच राहिला.

या ठिकाणी एका व्यक्तीचे नाव घ्यावे लागते. वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने कोणत्याही पक्षाचा कैवार घेऊ नये, असा संकेत आहे. आणि पागे यांनी घेतलेला कैवार हा कोणत्याही पक्षाचा नव्हता, हे त्यांच्या यशाचे एक रहस्य असावे. गांधीविचारांचा हा मनुष्य. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या बाजूस, त्यांनी १९६५ साली एकात्मिक क्षेत्र विकासाचा एक प्रयोग सुरू करविला. जो काम मागेल त्याला काम द्यायचे आणि काय होते ते पाहायचे, हा त्यातला गाभा होता. मुंबईच्या सचिवालयात त्या काळी एक भीती असे, ती अशी की, हमी दिली तर सारा गाव काम मागायला येईल आणि खजिना रिता होईल. विसापूरकडील अनुभव नेमका उलटा आला. शेतीचा हंगाम चालू असताना कोणी फिरकत नसे. हंगाम सरला की मोजकी माणसे येत. आणि येत ती खरोखरच गरजू असत. उन्हात माती उपसण्याची हौस कोणालाही नसते, ही साधी गोष्ट सिद्ध करण्यासाठी सरकारला प्रयोग करावा लागला, याचे आज हसू येईल. पण सरकारी कागदाला प्रयोगावाचून विश्वास येत नाही, हेही खरे.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे पागे यांनी हा हिशेब ठेवला, आणि १९७२ साली राज्याच्या पंधरा कलमी कार्यक्रमात रोजगार हमीला स्थान मिळाले. पण योजना नीट उभी राहण्याच्या आतच दुष्काळाने तिला गाठले. १९७० पासून पाऊस हुलकावणी देत होता. १९७२ साली तो जवळजवळ आलाच नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे होती.

त्या पन्नास लक्षांत माझे आईवडील होते. मी बारा वर्षांचा होतो. गावाबाहेर खडी फोडण्याचे काम निघाले होते. आई डोक्यावर पदर ओढून हातोडीने दगड फोडी आणि आठवड्याच्या अखेरीस तिच्या खडीचा ढीग मापात भरला की मजुरीचा हिशेब होई. कामावर सुकडी वाटली जाई. तिचा गोडसर, किंचित कडवट वास मला आजही ओळखता येतो. रेशनच्या दुकानातील तांबडी मिलो ज्वारी आम्ही नाके मुरडीत खाल्ली, पण खाल्ली आणि जगलो. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात जसा मनुष्यसंहार झाला, तसा या वेळी झाला नाही, आणि त्याचे मोठे श्रेय त्या कामांना आहे. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते खडीचे ढीग कोणत्याच रस्त्यावर गेले नाहीत. सात वर्षांनी मी शिक्षक होऊन त्या बाजूस परतलो, तेव्हा त्यांतील काही ढीग जागच्या जागी होते आणि त्यांवर कुसळी गवत माजले होते. माझ्या आईने फोडलेला दगड कोणाच्याच उपयोगी पडला नाही, ही गोष्ट तिला अखेरपर्यंत बोचत असे. मजुरी मिळाली होती, तरीही बोचत असे.

हाच प्रश्न त्या काळी अनेकांना पडला होता. दुष्काळी कामांवरील मजुरांच्या चळवळीत अग्रभागी असलेले दत्ता देशमुख हे स्वतः अभियंत्याचे शिक्षण घेतलेले होते. मजुरी वाढवा एवढीच त्यांची मागणी नव्हती, पाणी अडविणारी कामे काढा असेही ते म्हणत. पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात ही कामे पाहून अस्वस्थ झाले आणि पुढे नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. दुष्काळ निवारायला लोक दगड फोडीत आहेत आणि पुढील दुष्काळ टाळणारे पाणी मात्र वाहून जात आहे, हा विरोध त्यांच्या डोळ्यांत सलत होता. अग्रक्रमाचा प्रश्न असा दुहेरी होता. खजिन्याच्या दारात भुकेल्याला आधी जागा मिळावी, हा त्याचा एक भाग; आणि त्याच्या हातून कोणते काम आधी व्हावे, हा दुसरा.

दुष्काळ ओसरल्यावर केंद्राकडून मिळणाऱ्या मदतीची पद्धत बदलली. योजना चालवायची तर पैसा राज्यानेच उभा करावा लागणार, हे स्पष्ट झाले. येथे विधिमंडळाने जे केले, ते माझ्या मते महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासातील एक अत्यंत धैर्याचे कृत्य होय. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी या सर्वांवर हा कर बसला. शिवाय विक्रीकर व मोटारगाड्यांवरील कर यांवर जादा आकार, शहरांतील राहण्याखेरीज इतर उपयोगाच्या इमारतींवर कर, बागायती जमिनीवर आकार, अशी जुळणी झाली. या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर शासनाने आपल्या पदरची घालावी, असे ठरले. या पैशाचा मोठा भाग मुंबईतून येणार आणि तो जत, आटपाडी, माण, सांगोला, करमाळा, आष्टी अशा तालुक्यांत जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. शहरातील मनुष्याला, तुझ्या पगारातून दरमहा काही रुपये कापून घेऊ आणि ते खेड्यातील अनोळखी मजुराला कामाच्या रूपाने देऊ, असे उघड सांगून कर बसविणे सोपे नसते. मुंबईचे आमदार हात वर करतील काय, अशी शंका कोणालाही आली असती. त्यांनी हात वर केले.

त्यानंतर १९७७ साली खुद्द हमीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला. आणीबाणी नुकतीच उठलेली, पक्षापक्षांत पराकाष्ठेचे वितुष्ट आलेले. अशा वेळी एकमत व्हावे, हे विशेषच. राष्ट्रपतींची संमती मिळून तो १९७८ चा २० वा अधिनियम झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीस अमलात आला.

या कायद्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. ग्रामीण भागातील अठरा वर्षांवरील कोणीही मनुष्य अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असेल, तर त्याने नाव नोंदवावे व नमुना ४ भरून काम मागावे. मागणीपासून पंधरा दिवसांत त्याला जिल्ह्यात काम मिळालेच पाहिजे. न मिळाल्यास शासनाने त्याला बेकारी भत्ता द्यावा. तो दिवसास निदान एक रुपया असावा. पुरुष व स्त्री यांना एकच दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. खर्चातील निदान साठ टक्के भाग मजुरीवर झाला पाहिजे, म्हणजे यंत्रे आणि ठेकेदार यांचा शिरकाव होऊ नये. कामे उत्पादक असावीत. पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, वनीकरण ही आधी, रस्ते मागाहून. प्रत्येक तालुक्याने अशा कामांची अंदाजपत्रके अगोदरच तयार करून ठेवावीत. कचेरीतील लोक त्यांना शेल्फवरची कामे म्हणत. यासाठी स्वतंत्र निधी असून वर्ष संपले म्हणून त्यातील शिल्लक बुडू नये, अशीही तजवीज होती.

आता यात नवे काय ते पाहा. अन्य योजनांत आमदार व अधिकारी बसून ठरवितात की, अमुक तालुक्यात अमुक खर्च करू. येथे तो खर्च किती व्हावा, हे काम मागणारा ठरवितो. एखाद्या बाईने आपल्या अंगठ्याचा ठसा नमुना ४ वर उमटविला की पंधराव्या दिवसापर्यंत खजिन्याचे दार उघडावेच लागते. अग्रक्रम ठरविण्याचा आपला अधिकार विधिमंडळाने अशा रीतीने अंशतः त्या बाईच्या हाती दिला, आणि स्वतःकडे ठेवले ते देखरेखीचे काम. दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची एक रोजगार हमी समिती नेमण्याची प्रथा पडली. ती जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडते, कामे पाहते, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते आणि सभागृहाला अहवाल देते.

या देखरेखीची गरज किती होती, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. गावात लिहिता-वाचता येणारी माणसे थोडी. तेव्हा नमुना ४ भरून देण्याचे काम शिक्षकाकडे येई. शाळा सुटल्यावर पडवीत बसून मी पंधरा-वीस अर्ज लिहीत असे. ते घेऊन बाया सात मैल चालून तालुक्याच्या कचेरीत जात. तेथील कारकून अर्ज ठेवून घेई, पण पोच देत नसे. "बाई, कळवू तुम्हाला," एवढे म्हणे. आपणांस ही लहानशी गोष्ट वाटेल. पण कायद्यातील पंधरा दिवस मोजायचे ते पोचेवरील तारखेपासून. पोच नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर पंधरावा दिवस नाही, आणि पंधरावा दिवस नाही तर भत्ता नाही. बेकारी भत्ता फारच थोड्यांना मिळाला, याचे कारण सर्वांना वेळेवर काम मिळाले हे नव्हे. कायद्याचे सारे बळ एका चिटोऱ्यात होते आणि तो चिटोरा टेबलाच्या अलीकडे येत नव्हता. एकदा आमच्या आळीतील सखूबाईने, मास्तरांनी सांगितले आहे, पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही, असे म्हणून कचेरीच्या पायरीवर बैठक मारली. सायंकाळी तिला पोच मिळाली. पुढील आठवड्यात मला मात्र, शाळेखेरीज इतर उद्योग करू नयेत, अशी तोंडी समज मिळाली. समज देणारे गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनाही वरून सांगितले गेले असावे.

पुढे एका वर्षी आमच्या बाजूस आमदारांची समिती येणार, अशी वार्ता आली. आदल्या दिवशी नालाबंडिंगच्या कामावर बांबू रोवून कापडाची सावली झाली, नवे माठ आले, आणि ज्या पाळणाघराचे नावही कोणी ऐकले नव्हते, त्याचे दोन पाळणे झाडाला टांगले गेले. समितीतील एका वयस्क सदस्यांनी पाळण्याच्या दोराला हात लावून पाहिला आणि मुकादमाला विचारले, "दोर काल आणला की आज?" बाया पदर तोंडाशी धरून हसू लागल्या. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मस्टर मागविले, सावलीत बसून नावे मोठ्याने वाचली आणि हजर माणसे मोजली. मस्टरवर होती त्यांतली सातजण शिवारात कोठेही नव्हती. त्या वर्षी आम्हाला पोचा वेळेवर मिळाल्या. समिती पुन्हा आली नाही, तसा पोचांचा ओघ हळूहळू आटला.

हे दोष असूनही कामाचा आकार लहान नव्हता. १९७४-७५ साली या योजनेवर सुमारे पावणेपाच कोटी मनुष्यदिवसांचे काम झाले. १९७९-८०, म्हणजे कायद्याच्या पहिल्या पूर्ण वर्षी, ते वीस कोटींवर गेले. मजुरांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. स्त्रियांना आपल्या नावाने, आपल्या हातात, पुरुषाइतकाच पैसा मिळणे ही आमच्या गावात तरी पहिलीच घटना होती. तिचा एक परिणाम कोणत्याही अहवालात नसेल, तो असा की, बागायतदाराला सुगीत मजुरीचा दर वाढवावा लागला. रोजगार हमीवर काम चालू असले की बाई त्याला नाही म्हणू शके. योजनेविरुद्ध गावातील मोठ्या वाड्यांतून जी कुरकूर ऐकू येई, तिचे मूळ पुष्कळ वेळा येथे असे. पण तेच वाडे पाझर तलावाच्या खाली आपली विहीर खणण्यास पुढे असत. बांध घालणारीच्या नावे गुंठाभर जमीन नाही आणि बांधामुळे पाणी वाढले ते दुसऱ्याच्या विहिरीला, हा अन्याय या कायद्याने दूर केला नाही. तो त्याच्या कक्षेतलाही नव्हता, असे म्हणता येईल. मला ते उत्तर पुरे वाटत नाही.

१९८८ च्या मे महिन्यात योजनेवरील मजुरी किमान वेतनाच्या नव्या दरांशी जोडली जाऊन जवळजवळ दुप्पट झाली. मजुरांच्या दृष्टीने हा विजयच होता. पण त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत योजनेवरील मनुष्यदिवस निम्म्याहून खाली आले. लोकांना काम नकोसे झाले, असे काहींनी लिहिले. माझा अनुभव निराळा आहे. दर वाढला तसा खर्चाचा धाक वाढला, आणि नवी कामे उघडण्यास अधिकारी कां कूं करू लागले. नवे काम सुरू करण्यास पन्नास मजूर हवेत, असा नियम होता. एखाद्या वाडीवर अठ्ठेचाळीस जमले तर त्यांनी काय करावे? हमीचा कायदा रद्द न करताही हमी आवळता येते, ती अशी. १९९० च्या सुमारास फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली. त्यातून कोरडवाहू मुलखात डाळिंब, बोर, आंबा यांच्या बागा उभ्या राहिल्या. सांगोल्याची डाळिंबे आज आपण शहरात विकत घेता, त्यांच्या मुळाशी या योजनेचा पैसा बराच आहे. हे काम चांगलेच झाले. मात्र बाग लावण्यास आधी जमीन लागते. भूमिहीनासाठी काढलेल्या निधीचा ओघ येथून जमीनवाल्याकडे वळू लागला, हे नमूद करणे भाग आहे.

याउलट जेथे गावाने कामांचा क्रम स्वतः ठरविला, तेथे त्याच पैशाने काय होते, हे नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दाखविले. तेथील लोकांनी १९९० नंतर आदर्श गाव योजना व रोजगार हमी यांची सांगड घालून डोंगरउतारावर समतल चर खणले, नाले बांधले, चराई व वृक्षतोड बंद केली. माथ्यापासून पायथ्याकडे यायचे, हा क्रम त्यांनी मोडला नाही. आमच्याकडे मात्र पायथ्याचा पाझर तलाव आधी झाला आणि माथ्यावरील चर झालेच नाहीत. दहा पावसाळ्यांत तो तलाव गाळाने अर्धा भरला.

निधीचीही एक कथा आहे. व्यवसाय कराचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढत गेले, कारण शहरे वाढली, पगार वाढले. कामावरील उपस्थिती त्या मानाने घटत गेली. त्यामुळे हिशेबाच्या वहीत या निधीची शिल्लक फुगत गेली. पण वहीतील शिल्लक आणि तिजोरीतील पैसा एकच असतात असे नाही. करांचे उत्पन्न व शासनाचा जोडहिस्सा वेळच्या वेळी निधीत जमा होत नाही, असे आक्षेप लेखापरीक्षकांनी घेतले. खास एका कामासाठी म्हणून लोकांकडून घेतलेला पैसा इतर निकडींच्या कामी वापरला गेला, तर ते पाहणार कोण? लोकलेखा समिती आहे, रोजगार हमी समिती आहे, सभागृह आहे. कायद्याच्या जन्मकाळी जी उत्सुकता सभागृहात होती, ती पुढे त्याच प्रमाणात राहिली असती, तर हे आक्षेप लेखापरीक्षेच्या अहवालात पडून राहिले नसते. योजना नवी असते तेव्हा तिच्यावर भाषणे होतात. ती जुनी झाली की तिच्यावर फक्त परिच्छेद येतात.

२००५ साली देशाच्या संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि २००६ च्या फेब्रुवारीत तो दोनशे जिल्ह्यांत लागू झाला. महाराष्ट्रात तीस वर्षे चाललेल्या योजनेचा अनुभव त्यामागे होता, हे सर्वमान्य आहे. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. संसदेच्या त्या कायद्याने कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. आमच्या १९७७ च्या कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती. भुकेला दिवसांची मर्यादा नसते, असे त्या वेळच्या सभागृहाने धरले होते.

माझा मुलगा पुण्यात एका कारखान्यात नोकरीस आहे. गेल्या फेब्रुवारीत त्याने पगाराचा कागद माझ्यापुढे धरून विचारले, "बाबा, दर महिन्याला व्यवसाय कर दोनशे रुपये कापतात, मग या महिन्यात तीनशे का?" मी त्याला सांगितले की, घटनेने या कराची मर्यादा वर्षाला अडीच हजार घातली आहे, अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, म्हणजे बरोबर अडीच हजार होतात. हिशेब त्याला पटला. मग त्याने विचारले, "पण हा कर कशासाठी आहे?" त्याच्या कचेरीत कोणालाच ते ठाऊक नव्हते. मी त्याला त्याच्या आजीच्या खडीच्या ढिगापासून सांगण्यास सुरुवात केली, तेव्हा सुनेने चहा आणला होता. तो गार झाला.

येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे गावी जाणार आहोत. तलावातील गाळ काढण्याची बोलणी गावात चालू आहेत, आणि तो बांध कोणी घातला, कोणत्या साली, कोणत्या मस्टरवर, हे सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. सखूबाई आहे. तिची पोच तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहे, असे मला कळले आहे.